ऑफिसात सगळ्यांनी मिळून वाळीत टाकलं तर काय करायचं

तुम्ही पॅन्ट्रीत शिरता आणि चाललेल्या गप्पा बंद होतात, कुणी मोबाईल काढतं, कुणी उगाच कप विसळायला लागतं. एकदा झालं तर सोडून द्या. पण आठवडेच्या आठवडे हेच चालू असेल, मीटिंगचं इन्व्हाइट नेमकं तुम्हालाच येत नसेल, चूक कुणाचीही असो खापर तुमच्याच डोक्यावर फुटत असेल, तर तो तुमच्या मनाचा खेळ नाहीये. मी यातून गेलेय, आणि पहिले चार महिने मी फक्त स्वतःतच दोष शोधत बसले होते, तेवढं तरी तुमचं वाचावं म्हणून लिहितेय.

याला मॉबिंग म्हणतात. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या जागेसाठी हा शब्द रूढ केला. त्याने असे ४५ प्रकार नोंदवलेत, बोलू न देणं, अफवा पसरवणं, लायकीपेक्षा हलकं काम देणं वगैरे, आणि त्याची मोजपट्टी होती आठवड्यातून किमान एकदा, सलग सहा महिने. तुम्ही मात्र सहा महिने थांबू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. सुरुवात बहुतेक वेळा एकाच माणसाकडून होते, त्याला तुम्ही कुठल्यातरी कारणाने खुपता, आणि मग कानभरणी सुरू. बाकीचे तुमचा द्वेष करतात म्हणून सामील होतात असं नाही, उद्या आपला नंबर लागू नये म्हणून गप्प राहतात, मग हसतात, मग एखादा टोमणा स्वतःच मारतात. म्हणून प्रत्येकाला गाठून "माझं काय चुकलं" विचारत फिरू नका, मी फिरले, आणि तेच "बघा किती ड्रामा करते" म्हणून बॉसपर्यंत पोचलं. मीटिंगमध्ये भडकूही नका, त्यांना तेच हवं असतं, नंतर फक्त तुमचा आवाज चढलेला लोकांच्या लक्षात राहतो.

त्याऐवजी आजपासून डायरी लिहा. घरी, स्वतःच्या वहीत, त्याच दिवशी. "मला खूप अपमान वाटला" एवढंच लिहून भागत नाही. असं लिहा: मंगळवार, सकाळी ११.२०, रिव्ह्यू मीटिंग, सहा जण हजर, मी आकडे सांगायला लागले तर अमुक म्हणाला "हिचं राहू दे, पुढे चला", दोघं हसले, मॅनेजर काही बोलले नाहीत. बस, विशेषणं नकोत. तोंडी सांगितलेल्या कामाचं लगेच मेल टाका, "आपलं आत्ता ठरलं त्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत देते", म्हणजे नंतर कुणी शब्द फिरवला तर तारखेसकट पुरावा आहे. फक्त ऑफिसची गोपनीय कागदपत्रं पर्सनल मेलवर पाठवू नका, त्याच कारणावरून तुम्हालाच काढतील. रेकॉर्डिंगचे कायदेही प्रत्येक देशात वेगळे आहेत, आधी विचारून घ्या.

दुसरं, एक माणूस शोधा. एकच. १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रेषांच्या लांबीवर प्रयोग केले होते, सगळे मिळून धडधडीत चूक उत्तर देत असताना बरेच लोक त्यांच्या हो ला हो करायचे, पण एकजण जरी खरं बोलला तरी हे प्रमाण एकदम खाली यायचं. तुमच्यासाठी भांडणारा कुणी मिळेलच असं नाही, पण दुसऱ्या टीममधला, "हो, मी पण पाहिलं" एवढं म्हणणारा माणूस असला तरी रात्रीची झोप परत येते.

तक्रार करायची तर लेखी करा, कंपनीच्या पॉलिसीतलं कलम वाचून, तारखांसकट, दोन पानांत, आणि शेवटी तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहा, टीम बदलून हवीय की चौकशी हवीय. एचआर गोड बोललं तरी ते कंपनीचं माणूस आहे हे डोक्यात असू द्या. युनियन असेल तर तिथे जा, कामगार कायद्याचा वकील एकदा तरी गाठा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार केलाय, पण प्रत्यक्षात तुमच्या देशाचा कायदाच बघावा लागतो.

झोप उडाली, रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, छाती धडधडते, तर डॉक्टरकडे जा आणि ऑफिसात काय चाललंय ते त्यांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते तुमच्या फाइलमध्ये येतं. जगावंसंच वाटत नसेल तर त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरला फोन करा, एकटं राहू नका.

आणि सोडायचं ठरलं तर रागात, त्याच दिवशी राजीनामा देऊ नका, कुणी समोर कागद ठेवून सही मागितली तर "वाचून उद्या देते" म्हणा. मी दुसरी नोकरी हातात आल्यावर, अनुभवाचं पत्र आणि थकलेला पगार लेखी कबूल करून घेऊन मगच बाहेर पडले.