फुकट अँटीव्हायरस घेताय? आधी त्याचं पोट कशावर चालतं ते बघा

फुकट अँटीव्हायरसवाल्या बहुतेक कंपन्या पैसेवाली आवृत्ती विकून जगतात, म्हणून ते रोजचं 'अपग्रेड करा'चं टुमणं. कटकट आहे, पण लबाडी नाही. लबाडी वेगळीच असते. अवास्टसारखं नावाजलेलं नाव, पण त्याची जम्पशॉट ही उपकंपनी लोक नेटवर काय काय बघतात ती माहिती विकत होती. २०२० मध्ये बोभाटा झाला तशी ती गुंडाळली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

तेव्हा व्हायरस पकडतो का, एवढंच बघून भागत नाही. ते जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या किंवा ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या निकालांत सापडेल; या दोन्ही संस्था अँटीव्हायरसची चाचणी घेतात. बाकीचं इन्स्टॉल करताना दिसतं. 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका. आधीच टिक मारून ठेवलेले चौकोन वाचा. माझ्या मेव्हण्याने घाई केली आणि ब्राउझरचं होमपेजच बदलून बसला. नंतर सेटिंगमध्ये प्रायव्हसी उघडा आणि माहिती तिसऱ्या कंपनीला देण्याची परवानगी दिसली तर काढून टाका.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३७ व्हायरस सापडले' असं एखादी वेबसाइटच ओरडू लागली, तर खुशाल टॅब बंद करा. नुसतं वेबपेज तुमची हार्ड डिस्क तपासूच शकत नाही.

आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस आधीपासूनच आत आहे, तोही फुकट. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. घरच्या वापराला मी तरी तोच ठेवतो.