ऑपरेशनच्या आधी या चुका टाळा: भूलतज्ज्ञाच्या टेबलावरून

"काय खाल्लं नाही बघा डॉक्टर, नुसता च्या घेतलाय." सकाळी थिएटरच्या दारात हे ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दुधाचा की कोरा? कोल्हापुरात उत्तरही ठरलेलंच. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं हे गाव, इथं कोरा चहा कोण पितोय!

पण दूध पोटात जाऊन फाटतं आणि भुलेच्या हिशेबात ते जेवणातच धरतात. दूध किंवा हलका नाश्ता झाला असेल तर ६ तास थांबायचं. मटण आणि तांबड्या रश्श्यावर ताव मारला असेल तर ८ तास. तान्ह्या बाळाला आईचं दूध ४ तास आधीपर्यंत चालतं. पाणी आणि कोरा चहा सहसा २ तास आधीपर्यंत.

कारण साधं आहे. पूर्ण भूल दिली की माणसाला ठसका लागत नाही, त्यामुळे पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं. १९४६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांत असे ६६ प्रसंग सापडले. अन्नाच्या तुकड्यानं श्वास अडतो, पण पोटातलं आम्ल फुप्फुस भाजून काढतं हे त्यांनी तेव्हा वेगळं करून दाखवलं.

याच्या उलट चूकही तेवढीच होते. रात्री नऊला जेवलेल्या आजोबांचा नंबर दुपारी दोनला लागतो आणि तोवर घरचे त्यांना पाण्याचा थेंब देत नाहीत. असा सुकलेला म्हातारा माणूस टेबलावर आला की भूल देताच बीपी धाडकन खाली येतं. म्हणून आदल्या दिवशीच विचारून घ्या: नंबर कितीला आणि पाणी कितीपर्यंत? गरोदर बाई, जुनी शुगर किंवा वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर पोट सावकाश रिकामं होऊ शकतं, मग हिशेब बदलतो.

आणि चुकून खाल्लंच तर सांगून टाका. ठरवून करायचं ऑपरेशन काही तास पुढं जाईल, एवढंच. तातडीचं असेल तर पोट भरलेलं धरून भूल द्यायची पद्धत आमच्याकडं आहे. लपवलेल्या इडलीवर मात्र उपाय नाही.

"व्यसन?" असं विचारलं तर मावशी ठामपणे "नाही" म्हणतात. मिश्री लावता का, म्हटलं की "ती व्हय, ती सकाळ-संध्याकाळ." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती सांगायलाच हवी. गोळ्यांचंही तसंच. नावं पाठ नसतात, म्हणून अख्खी पिशवी घेऊन या. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या सहसा ३ दिवस आधी थांबवतात, कारण त्या चालू राहिल्या तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मनानं मात्र कुठलीच गोळी बंद करू नका. बीपीच्या बऱ्याच गोळ्या त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या असतात.

नेलपॉलिश काढून या. बोटावरचा चिमटा लाल आणि अवरक्त प्रकाशावरून ऑक्सिजन मोजतो, गडद रंगानं तो फसू शकतो. कवळी घरच्यांकडं द्या.

थिएटरमध्ये नाव, ऑपरेशन, कुठली बाजू हे तीनदा विचारलं की लोक वैतागतात. "फाईलवर हाय की!" असू दे, तुम्ही तोंडानं सांगा. हे प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनच्या चेकलिस्टमधले. ती दिल्लीसह ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत वापरून पाहिली, त्याचे निकाल २००९ साली आले: मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. आमच्या लोकांची चूक तुमच्या वैतागण्याहून वाईट. काही ठिकाणी पेशंट आत यायच्या आधीच सगळ्या रकान्यांत टिका मारून तयार असतात. त्या कागदाची किंमत रद्दीएवढी.

आयसीयूत एक ताई वडिलांना नीट झोप लागावी म्हणून पलंगाचं डोकं सपाट करून गेल्या. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं डोकं आम्ही मुद्दाम ३० ते ४५ अंश वर ठेवतो, म्हणजे पोटातलं नि तोंडातलं फुप्फुसाकडं कमी जातं. पलंगाला हात लावण्याआधी सिस्टरांना हाक मारा. जोतिबाचा गुलाल आणलात तर तो पुडीतच राहू द्या. मानेतल्या नळीजवळ उधळलेली चिमूट पुसताना आमच्या सिस्टरांची अर्धी ड्यूटी गेली होती.