ठमीला कधी सोडायचं, हे आम्ही कॅलेंडरवर कसं ठरवलं

मी डोंबिवलीत २२ वर्षं डबे करतेय. कुणाच्या डब्यातून किती पोळ्या परत आल्या, त्यावरून त्या घरात कोण आजारी आहे ते मला कळतं. तरी आमच्या पहिल्या कुत्र्याच्या, काळ्याच्या वेळी मी आंधळी झाले. शेवटचे चार दिवस तो नुसता धापा टाकत पडून होता आणि मी रोज "उद्या बघू" म्हणत होते. ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून आमच्या कुत्रीला, ठमीला, इंजेक्शन देऊन दयामरण कधी द्यायचं हे ठरवताना जे केलं ते लिहून ठेवतेय.

ठमी गावठी, १३ वर्षांची, २२ किलोची. किडनी गेलेली. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा आकडा, आधी ३.१ होतं, चार महिन्यांनी ५ च्या वर गेलं, म्हणजे शेवटचा टप्पा. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं होतं, ते मी दिवसाआड घरीच द्यायचे.

पहिलं काम म्हणजे आजाराची चाल विचारून घेणं. "किती दिवस आहेत?" याचं उत्तर कुठलाच डॉक्टर छातीठोक देणार नाही. "पुढच्या पंधरा दिवसांत मला काय काय दिसेल?" असं विचारा. किडनीचा आजार बहुतेक वेळा हळूहळू पोखरतो, त्यात विचाराला वेळ मिळतो. हृदयाच्या आजारात छातीत पाणी भरलं की रात्री दोनला धावपळ होते. गाढ झोपेतले श्वास मिनिटाला ३० च्या वर जायला लागले तर लगेच फोन करा. प्लीहेची गाठ फुटली तर पोटात रक्त साठून जनावर बघता बघता कोसळतं. अशा आजारांत जरा लवकरच ठरवावं लागतं.

दुसरं, त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी आत्ताच लिहून काढा, जनावर बरं असतानाच. "आनंदी असतो" असलं मोघम नको. ठमीच्या तीन अशा: सुके बोंबील तव्यावर पडले की ओट्याशी हजर, इस्त्रीवाल्यावर भुंकणं, आणि यांची लोकल आली की जिन्यात पावलं वाजायच्या आधी दाराशी जाऊन बसणं. तीनपैकी दोन बंद झाल्या की डॉक्टरांना बोलवायचं, असं आम्ही श्रावणातच ठरवलं. तेव्हा ती तिन्ही करत होती, म्हणून रडारड न होता बोलता आलं.

मग कालनिर्णय. रोज रात्री भांडी आवरल्यावर चौकटीत बरोबरची खूण किंवा फुली. स्वतः उठून खाल्लं, उलटी नाही, रात्री झोपली, तर बरोबर. नाहीतर फुली. मनाला कालचा एक चांगला तास आठवतो आणि आठवडाभराची मळमळ विसरायला होतं. कागद विसरत नाही. सलग तीन फुल्या पडल्या तेव्हा मी पेनाला दोष देऊन बघितला, पण चौथीही पडलीच.

अमेरिकेतल्या डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांचं एक मोजमाप आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. ३५ च्या वर बेरीज असेल तर अजून ठीक. मी ठमीला ४१ दिले. सासूबाईंनी वेगळ्या कागदावर २६ दिले. दुपारभर तिच्याजवळ त्याच बसायच्या, मी डब्यांत असायचे. म्हणून घरातल्या दोघांनी एकमेकांचं न बघता गुण द्या, आणि कमी आकडा कुणाचा, तो का, ते नीट ऐका.

दुखणं ओरडण्यावरून मोजू नका. कुत्री फार सोसतात. आडोशाला जाऊन बसणं, सारखी कूस बदलणं, गारव्यातही धापा टाकणं, हात लावला की अंग चोरणं, हे बघा. मांजर तर दुखत असतानाही घुरघुरतं. आणि कळवळून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

"आपण कोण ठरवणारे? जाईल झोपेत आपोआप," असं शेजारचे म्हणाले. मीही काळ्याच्या वेळी हेच म्हणत होते. किडनीच्या आजारात तोंडात फोड येतात, श्वासाला घाण वास येतो, पोटात अन्न ठरत नाही. त्यातून झोपेत शांतपणे जाणारं जनावर विरळाच. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आपण वाढवलं, तर हेही आपणच करायचं."

दिवस ठरला की पैसे आणि सह्या आधी उरकून घ्या. आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं, कारण तिसरा मजला, लिफ्ट नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन मागा. ती गाढ झोपल्यावर शिरेतून भुलीचं औषध जास्त प्रमाणात देतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखं होतं, लघवीही होते. ती जिवंत आहे असं वाटून माझ्या जावेने किंकाळी फोडली, म्हणून सांगतेय. खाली प्लास्टिक आणि जुनी चादर घाला. लहान मुलांना "झोपवलं" म्हणू नका, पोर रात्री झोपायला घाबरतं. मेली असंच सांगा.

नंतर कुठे न्यायचं तेही आदल्या दिवशी फोन करून विचारा, त्या अवस्थेत नंबर शोधणं होत नाही. मुंबईत महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांच्या दहनाची सोय केली आहे. तुमच्या गावात काय आहे ते दवाखान्यातच कळेल.

त्या सकाळी मी बोंबील भाजले. ठमीने मान उचलली, वास घेतला आणि परत खाली ठेवली. डॉक्टर अकराला आले. त्या दिवशी डबे गेले नाहीत. न फोडलेल्या सलाईनच्या सहा बाटल्या उरल्या होत्या, त्या पुढच्या आठवड्यात दवाखान्यात देऊन आले.