जुनं शिलाई मशीन घेताना या चुका टाळा

कुणी जुनं सिंगर घ्यायला निघालं की मला फोटो पाठवतं, आणि फोटोत सोनेरी नक्षीच असते. खालच्या दोऱ्याची बॉबिन जिथे बसते ते शटल, कापड सरकवणारे दाते, सुईची दांडी यांचा फोटो कुणी काढत नाही. मशीन शिवायला घ्यायचं असेल तर पैसे टाक्याचे मोजायला हवेत, हे सांगून मी दमले आहे.

वयाचे पैसे मोजणं

‘शंभर वर्षं जुनं आहे’ म्हटलं की नवख्या माणसाचा हात पाकिटाकडे जातो. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यातून १९१३ या एका वर्षात दहा लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडली. १५के, ६६के या मॉडेलांच्या नावांतला ‘के’ तिथल्याच किलबोवी या भागाचा. इतक्या संख्येने बनलेली वस्तू नुसत्या वयामुळे दुर्मीळ होत नाही.

ओळखीतल्या एका मुलीने जुन्या बाजारातून ‘ब्रिटिश काळातलं’ सिंगर आणलं. पायमशीनचं स्टँड खरोखर जुनं होतं, ओतीव लोखंडाचं, आणि त्याच्याच जोरावर विक्रेत्याने नव्या मशीनच्या दुप्पट भाव लावला होता. मी आधी नंबर शोधला. तो बेसवर उजवीकडे, खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. तिथे काळ्या रंगाचा जाड थर होता. नखाने खरवडल्यावर रंग निघाला आणि खाली कोरं लोखंड, नंबर नाहीच. पितळी बिल्ला रिव्हेटने बसवलेला असायला हवा, हा गोंदाने चिकटवलेला. नक्षीची कड स्टिकरसारखी नखाला लागत होती. वरचं डोकं लुधियानाचं होतं, रंगवून सिंगर केलेलं.

लुधियानाच्या मशीनबद्दल माझी तक्रार नाही. १५ नंबरच्याच घडणीची मशीनं तिथे वर्षानुवर्षं बनतात, सुटे भाग कुठेही मिळतात. त्या मुलीचं मशीनही आज छान शिवतं. जास्तीचे पैसे मात्र गेले ते गेले. नंबर दिसत नसेल तर मी सिंगरचा भाव देत नाही. नंबरातल्या अक्षरांवरून साल काढता येतं, ते घरी जाऊन नाही, तिथेच उभं राहून काढा.

भाव काढायची माझी सवय साधी आहे. दुकानात नव्या काळ्या साध्या मशीनची किंमत विचारून ठेवते. जुनं त्याच्या वर जाऊ देत नाही. पट्टा, बॉबिन केस, सर्व्हिसिंग, जे लागेल ते त्यातून वजा करते आणि उरलेला आकडा सांगून गप्प बसते. अपवाद २०१केचा. ते गिअरवर चालतं, त्याचा खालचा, दोरा पकडणारा हुक पूर्ण गोल फिरतो, आवाज जवळपास नाही. त्याला चार पैसे जास्त द्यायला मी तयार असते.

आणि आजी गेल्यावर घर आवरणाऱ्या माणसाला चालू मशीनचा भंगाराचा भाव सांगू नका. त्याला किंमत माहीत नसते, आपल्याला असते. योग्य भाव दोन्ही बाजूंनी योग्य हवा.

आपलं कापड न नेणं

विक्रेत्याच्या कडक कापडावर बहुतेक मशीनं बरी शिवतात. मी रुबियाचा तुकडा आणि जीन्सची घडी नेते, वर लाल दोरा, खाली पांढरा. खालचा पांढरा वर दिसला की टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बघायचं. टाका सुटत असेल तर आधी सुई बघा. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा असतो. उलटी बसवलेली सुई सरळ करताच मशीन शिवू लागलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि लोक ‘शटल गेलंय’ म्हणत परत जातात.

चाक फिरत नाही म्हणजे मशीन मेलं असं नाही. घरोघरी त्यात खोबरेल ओतलेलं असतं, ते सुकून पिवळं, चिकट होतं. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हळूहळू मागे-पुढे करा, मोकळं झालं की मशीनचं तेल घाला. त्याच संध्याकाळी ब्लाउज शिवायची घाई असलेले लोक चाकाला पान्हा लावतात आणि चांगलं मशीन मोडतात. शिलाई ही घाईची कलाच नाही. मात्र शटलच्या टोकावर गंजाचे खड्डे असतील, किंवा सुईची दांडी हाताने हलवल्यावर डगडगत असेल, तर नमस्कार करून निघा.

बाकीच्या चुका

२८केसारखं लांबट शटलचं मशीन शटल आणि बॉबिन बरोबर असल्याशिवाय घेऊ नका.

६६के आणि ९९केची बॉबिन १५ला चालत नाही. ‘बसते की’ म्हणत ती कोंबू नका.

नक्षीवर थिनर लावू नका. एका पुसण्यात ती जाते.

जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ नावाचा लाखमोलाचा पदार्थ असतो असं कुणी सांगितलं तर तिथून चालू लागा. २००९ साली सौदी अरेबियात याच अफवेपायी लोकांनी साध्या मशीनला अवाच्या सवा पैसे मोजले.

टेम्पोत नेताना डोकं स्टँडवर तसंच ठेवू नका. मागच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले की ते सुटतं. ते गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्या, आणि स्क्रू पूर्ण निघाले तर आपल्याच खिशात ठेवा.