ही मेमरी मोकळी करायची कोणी? सी शिकणाऱ्या नव्यांसाठी

पायथनमध्ये यादी वाढवत न्यायची, संपली की विसरून जायची, अशा सवयीत मी प्रोग्रामिंग शिकले. कॉम्प्युटर सायन्सची पदवी नाही, शिकवायला कोणी नाही. वापर संपलेली मेमरी आपोआप गोळा करण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी मांडली, आणि तिच्यामुळे आपल्यासारख्या अनेकांना मेमरीचा विचारच करावा लागत नाही. सी भाषेकडे वळल्यावर तो करावा लागला. आज कोणी नवीन माणूस विचारतो, "पॉइंटर कळत नाहीत, काय करू?" तेव्हा मी आधी पत्ते छापायला सांगते, कारण पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ताच.

एक ग्लोबल व्हेरिएबल, एक फंक्शनच्या आतलं, आणि एक मॅलॉकने (मेमरी मागायचं सीचं फंक्शन) घेतलेली जागा. तिन्हींचे पत्ते छापा. लिनक्सवर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये चालू प्रोसेसची 'मॅप्स' नावाची फाइल असते, ती शेजारी उघडून कोणता पत्ता कुठल्या भागात पडतो ते बघा. स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलची जागा) आणि हीप (मॅलॉक जिथून जागा देतो तो भाग) हे शब्द तोवर फक्त आकृतीत पाहिलेले असतात, इथे त्यांच्या हद्दी समोर दिसतात. मग फंक्शनच्या आत दहा एमबीचा ॲरे घेऊन त्यात लिहा. स्टॅकची मर्यादा सहसा आठ एमबी असते, त्यामुळे प्रोग्राम कोसळेल. तो मुद्दाम कोसळवून पाहिलेला चांगला.

यानंतरचा प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मॅलॉककडे एकेक बाइट मागा, लागोपाठ तीन वेळा, आणि पत्त्यांतलं अंतर मोजा. ६४-बिट लिनक्सच्या नेहमीच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये ते ३२ बाइट निघतं. मागितला एक, गेले बत्तीस. कारण प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याचा आकार लिहिलेला असतो आणि तुकडे ठरावीक मापातच कापले जातात. जागा मोकळी करणाऱ्या फ्री फंक्शनला आपण आकार कधीच सांगत नाही, तरी किती जागा परत घ्यायची हे त्याला कळतं, ते या नोंदीमुळेच. २४ बाइट मागा, तरी तुकडा ३२ चाच. २५ मागा, ४८ चा होतो.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण सी मधला एक छुपा धोका त्यांच्यावरूनच समजतो. स्ट्रिंगची कॉपी करताना शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जादा बाइट मागायचा असतो. तो मागितला नाही आणि शब्द छोटा असला, तर काहीही बिघडत नाही, कारण तुकड्यात जागा उरलेलीच असते. स्ट्रिंग नेमकी २४ बाइटची आली की तो शून्य पुढच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर जाऊन बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणजे आठ चिन्हं पुरेशी आहेत. प्रोग्राम कोसळतो तो नंतर कधीतरी, भलत्याच ओळीवर. म्हणून सी मध्ये उत्तर बरोबर आलं एवढ्यावरून कोड बरोबर आहे असं धरता येत नाही.

यासाठी ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका प्रोग्राम चालतानाच पकडणारी कंपायलरची सोय, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. जीसीसी या कंपायलरमध्ये तो ४.८ आवृत्तीपासून आहे. प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो, पण हद्दीबाहेरचं लिखाण जिथे घडलं तीच ओळ दाखवतो. मेमरी तपासणारं दुसरं साधन, व्हॅलग्राइंड, त्याहून बराच संथ आहे, मात्र त्याला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही आणि आधी काहीही न लिहिताच वाचलेली जागाही तो पकडतो. दोन्ही शिका.

आता मूळ प्रश्न. 'स्ट्रडप' (स्ट्रिंगची कॉपी करणारं) आणि 'गेटएन्व्ह' (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणारं) ही दोन्ही फंक्शनं कॅरेक्टर पॉइंटर परत देतात. पहिल्याने दिलेली जागा तुम्ही मोकळी करायची असते, दुसऱ्याने दिलेली अजिबात करायची नसते. टाइपवरून हे कळायला काही मार्ग नाही, मॅन्युअलच वाचावं लागतं. मेमरीच्या बहुतेक चुका या एका प्रश्नाच्या उत्तरात असतात: ही जागा कोणाच्या ताब्यात? कोणाच्याच नाही, तर लीक. दोघांना ती आपली वाटली, तर डबल फ्री. एकाने मोकळी केली आणि दुसरा अजून वाचतोय, तर यूज आफ्टर फ्री. रीॲलॉकने (घेतलेल्या जागेचा आकार बदलणारं फंक्शन) तुकडा हलवला की जुन्या जागेकडे बोट दाखवणारे सगळे पॉइंटर निकामी होतात, तेही याच जातीचं. स्वतःच्या प्रत्येक फंक्शनवर 'परत दिलेली जागा कोणी सोडायची' हे एका ओळीत लिहून ठेवा. मी आजही लिहिते.

एवढं झालं की स्वतःचा ॲलोकेटर, म्हणजे मॅलॉकसारखा मेमरी वाटणारा कोड, लिहा. आधी सोपा अरीना: एक मोठा तुकडा घ्यायचा, पुढे सरकत वाटायचा, शेवटी सगळा एकदम सोडायचा. मग मोकळ्या तुकड्यांची यादी ठेवणारा. एकूण जागा शिल्लक आहे पण सलग नाही, ही अडचण समोर आली की शेजारचे मोकळे तुकडे जोडावे लागतात, आणि फ्रॅगमेंटेशन म्हणजे काय ते पक्कं कळतं. डग ली यांनी १९८७ मध्ये सुरू केलेला ॲलोकेटर ग्लिबसीच्या मॅलॉकचा पूर्वज आहे. त्याच्या सोर्समधल्या सविस्तर कॉमेंट्स आपला ॲलोकेटर लिहून झाल्यावर वाचा, आधी वाचल्या तर निम्म्या डोक्यावरून जातील.

"आता रस्ट आहे, मग हे कशाला?" असंही विचारतात. रस्ट ही मेमरीच्या अशा बहुतेक चुका कंपाइल होतानाच अडवणारी भाषा आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ओपनएसएसएल लायब्ररीतल्या हार्टब्लीड या त्रुटीत समोरून आलेल्या लांबीवर विश्वास ठेवल्यामुळे सर्व्हरची ६४ केबीपर्यंत मेमरी एका विनंतीत बाहेर जात होती. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या रस्टमध्ये मालकीचा तोच प्रश्न कंपायलर विचारतो. नवा प्रकल्प असेल तर मीही रस्टच घेईन. पण लिनक्स कर्नल, अनेक डेटाबेस, पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, यांचा फार मोठा भाग सी मध्ये आहे आणि तो सांभाळायला माणसं लागतात. शिवाय सी मध्ये काही महिने घालवलेल्याला रस्टचा कंपायलर कशावर अडून बसलाय हे बहुतेकदा पहिल्या वाचनातच समजतं.