परराज्यातली एनआयटी निवडताना आधी ओळ नीट वाचा

मुलीचा जेईई मेनचा निकाल लागला त्या रात्री मी कर्नाटकातल्या सुरतकल एनआयटीचे (केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थेचे) मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून बसले. इलेक्ट्रॉनिक्सची शेवटची रँक तिच्या रँकच्या आकड्यापेक्षा मोठी दिसली आणि मी ह्यांना झोपेतून उठवून सांगितलं, "लागली!" सकाळी लेकीनेच स्क्रीनवर बोट ठेवलं. मी वाचलेली ओळ 'एचएस'ची होती, म्हणजे कर्नाटकातून बारावी झालेल्या मुलांची. आमची ओळ तिच्या खालची, 'ओएस'ची, म्हणजे बाहेरच्या राज्यांतल्या मुलांची. तिथला आकडा खूप आधीच थांबला होता. तिचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो, म्हणून हे लिहिते आहे.

प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना असतात आणि निम्म्या बाहेरच्यांना. महाराष्ट्रातून बारावी केलेल्याला होम स्टेट म्हणून एकच एनआयटी, नागपूरची व्हीएनआयटी. बाकी ३० ठिकाणी आपण 'अदर स्टेट'. आणि होम स्टेट ठरतं ते बारावी कुठून दिली त्यावर, घर कुठे आहे त्यावर नाही. ओळखीतल्या एका मुलाने राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावून बारावीही तिथूनच दिली, तर नागपूरसाठी तो परराज्यातला झाला. अकरावीचा प्रवेश घेतानाच हे लक्षात ठेवा. आयआयटीत अशी राज्यवार वाटणी नाही.

तेव्हा कटऑफ पाहताना संस्था, शाखा, कोटा, प्रवर्ग आणि जागा 'जेंडर न्यूट्रल' की 'फिमेल ओन्ली', या पाचही गोष्टी जुळतात का ते बघा. मुलींनी दोन्ही ओळी पाहाव्यात. आकडा प्रवेशाच्या शेवटच्या राउंडचा घ्या, आणि एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका, तीन वर्षांचे ताडून बघा.

दाखल्यांचं काम निकालाची वाट न बघता उरका. आपले राज्याचे दाखले एनआयटीच्या प्रवेशाला जसेच्या तसे चालत नाहीत. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग केंद्रात नाही. ओबीसींना जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेयर केंद्राच्या नमुन्यात, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर केवढी रांग असते ते आपल्याला माहीतच आहे.

आता पैशांचं. एनआयटीची शिक्षण फी वर्षाला १,२५,०००, होस्टेल-मेस वेगळं. घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ही फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांनाही पूर्ण माफी आहे. पण दुसरी बाजूही मांडा. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतल्यास शिक्षण फी माफ आहे. पुण्याच्या सीओईपीत किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये हवी ती शाखा मिळत असेल, तर नुसत्या एनआयटीच्या नावासाठी नको असलेली शाखा घेऊन हजार मैल जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतरही नकाशावर मोजा. आम्ही रत्नागिरीचे. सुरतकल कोकण रेल्वेने सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास, रात्री मत्स्यगंधात बसलं की सकाळी उतरायचं. आमचं 'होम स्टेट' नागपूर त्याहून कितीतरी लांब!

एनआयटीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना रँक बघून वरखाली करू नका. मनापासून जे पहिलं हवं ते पहिलं लिहा. वरचं नाही मिळालं म्हणून खालचं हातचं जात नाही. मात्र वरचं मिळालं की खालचं सुटतं, म्हणून मिळाल्यावर जायचं नाही असं काहीही यादीत वर घालू नका. सीट मिळाली की 'फ्रीज' म्हणजे हीच पक्की, 'स्लाइड' म्हणजे त्याच संस्थेत वरची शाखा मिळाली तर चालेल, 'फ्लोट' म्हणजे यादीतलं वरचं काहीही चालेल. लेकीला आधी नागपूर मिळालं होतं. तिने फ्लोट ठेवलं आणि पुढच्या राउंडला सुरतकलची इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स लागली.

त्याआधी मे महिन्यात आम्ही दोघी तिथे जाऊन आलो होतो. जमेल त्यांनी नक्की जा. गेटजवळ भेटलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना मी सर्वांत मोठं पॅकेज विचारलं नाही. तुमच्या शाखेतल्या किती जणींनी प्लेसमेंटला नाव दिलं, किती जणींना नोकरी लागली, पॅकेजचा मधला आकडा किती, आणि पहिल्या वर्षानंतर शाखा बदलायची तर काय लागतं, हे विचारलं. लेकीने विचारलं, लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते. तिथे तुळू-कन्नड कानावर पडत होती, पण बाहेरच्या खानावळीत ताटात उकड्या तांदळाचा भात आला तेव्हा ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.