विश्वस्त झालात? मग निदान या चुका तरी टाळा

‘मी आपला नावापुरता विश्वस्त’ हा बचाव सहायक धर्मादाय आयुक्तांसमोर टिकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये नावापुरता विश्वस्त अशी जातच नाही. हिशेब सादर करण्यात सतत कसूर झाली किंवा कर्तव्यात हयगय झाली, तर कलम 41ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करता येतं. संस्थेचं नुकसान झालं तर भरपाईही अंगावर येऊ शकते.

पहिली चूक: कोऱ्या चेकवर सही. संस्था गावात, खजिनदार पुण्यात. मग ‘दादा, दहा चेकवर सह्या करून ठेवा’. दुसरी सही असते ती दुसऱ्या माणसाने बिल पाहावं म्हणून. बिलच पाहायचं नसेल तर ती सही हवी कशाला? आधी मूळ बिल, व्हाउचर आणि ठराव क्रमांक पाहा. मग बिलावरच तारखेसह छोटी सही ठोका, म्हणजे तेच बिल दोन महिन्यांनी पुन्हा समोर येणार नाही. झेरॉक्सवर सही नाहीच. बँकेचा एसएमएस सचिवांबरोबर खजिनदाराच्या मोबाइलवरही आला पाहिजे. ‘विश्वास नाही का?’ असं कोणी विचारलं, तर बिल दुप्पट काळजीने वाचा.

दुसरी चूक: चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाच्या नोंदीचा अर्ज, ‘नंतर बघू’. निवडणूक झाली, हार-तुरे झाले, पेपरात फोटो आला आणि कागद राहिले. विश्वस्त बदलले की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो राहिला की पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. तीन कार्यकारी मंडळं येऊन जातात, पण परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, मूळचीच नावं राहतात. त्यातले दोघे वारलेले. बँक नव्या सह्या घ्यायला तयार होत नाही. मग कोणीतरी फक्त शेवटच्या मंडळाचा रिपोर्ट भरतो आणि विरोधी गट हरकत घेतो, की मधली साखळीच तुटलेली आहे. आता प्रत्येक बदलाचा वेगळा अर्ज, सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि जुन्या सभेच्या नोटिशीची पोच कोणाकडेच नाही. मग मागच्या तारखेचं प्रोसिडिंग लिहायची ‘आयडिया’ निघते. एका शाईत, एका हातात लिहिलेली नऊ वर्षांची इतिवृत्तं उलटतपासणीत उघडी पडतात, आणि दिरंगाईचं प्रकरण खोट्या कागदांचं होऊन बसतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. सभा संपली की त्याच संध्याकाळी फाइल करा: नोटीस व पोच, हजेरीच्या सह्या, ठरावाची नक्कल, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांचं संमतिपत्र. आठवड्यात वकिलाकडे द्या. नवीन विश्वस्तांनी ‘माझा रिपोर्ट गेला का?’ हे स्वतः विचारावं. सचिव आपणहून सांगत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. संस्थेची इमारत तीन वर्षांपेक्षा किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, अथवा स्थावर विकायचं, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची. करार करून मग परवानगी मागणं ही हुशारी नव्हे. कर्जालाही आधी परवानगी लागते.

31 मार्चला हिशेब बंद होत असतील तर ऑडिट 30 सप्टेंबरपर्यंत पुरं व्हायला हवं. ताळेबंद आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर मागवून सही करू नका. ऑडिटरच्या अहवालात अनियमिततांचे रकाने असतात, ते आधी वाचा.

मेहुण्याला बांधकामाचं कंत्राट द्यायचंय? चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जा आणि तसं इतिवृत्तात लिहायला लावा. विश्वस्ताच्या नातलगाला वाजवीपेक्षा जास्त पैसे गेले तर प्राप्तिकरातली सूट अडचणीत येते.

ठराव पटला नाही तर नुसतं गप्प बसू नका. विरोध नावासह लिहून घ्या. इतिवृत्तात नसलेला विरोध नंतर सिद्ध करणं अवघड असतं.

आणि राजीनामा दिलात तर त्याची पोच घ्या. बदल नोंदला जाईपर्यंत परिशिष्टावर तुमचंच नाव आहे, नोटीसही तुमच्याच पत्त्यावर येणार.